श्रोणि-प्रारण चिकित्सा

श्रोणि-प्रारण चिकित्सा : गर्भाशय, गर्भाशय-ग्रीवा (गर्भाशयाचा मानेसारखा खालचा भाग) व योनिमार्ग यांच्या कर्करोगावर ओटीपोटाच्या भागात भेदक किरणांनी केली जाणारी चिकित्सा. अर्बुद (गाठ) नष्ट करणे व लगतचे मूत्राशय, गुदांत्र आणि योनिमार्ग यांना जपणे, असा दुहेरी प्रयत्न या चिकित्सेच्या इतिहासात आढळतो. उपचारानंतर स्त्रीला काय सोसावे लागते, याची पद्धतशीर नोंद मात्र पुष्कळ उशिरा होऊ लागली.

मारी व प्येअर क्यूरी यांनी १८९८ मध्ये रेडियमाचा शोध लावला. १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथील मार्गारेट क्लीव्ह्ज यांनी ग्रीवेच्या कर्करोगावर रेडियम वापरल्याचे नमूद केले. पुढे स्टॉकहोम येथे मोठ्या मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने देण्याची, तर पॅरिस येथे अल्प रेडियम सलग सु. पाच दिवस ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मात्रा मिलिग्रॅम-तासांत मोजीत. तीवरून कोणत्या अवयवास किती प्रारण पोहोचले, हे कळत नसे. १९३८ मध्ये मँचेस्टर येथील मार्गारेट टॉड व डब्ल्यू. जे. मेरेडिथ यांनी ‘बिंदू अ’ निश्चित केला. ग्रीवेलगतच्या निरोगी ऊतकांच्या सहनशक्तीवरून मात्रेची मर्यादा ठरते, हे त्यामागील तत्त्व होय.

रेडियमाच्या नळ्या हलू नयेत म्हणून योनिमार्गात कापडाची पट्टी घट्ट बसवीत व रुग्णेला जवळजवळ निश्चल पडून राहावे लागे. परिचारिकांनाही प्रारणाचा धोका असे. रिकाम्या नळ्या आधी बसवून किरणोत्सर्गी द्रव्य मागाहून भरण्याची पद्धत १९६० च्या सुमारास पुढे आली. नंतर दूरनियंत्रित, तीव्र उद्गमांमुळे तासांचे काम मिनिटांवर आले. बाह्य उपचारासाठी कोबाल्ट-६० यंत्रांचा वापर १९५१ मध्ये कॅनडात सुरू झाला होता.

बाह्य उपचार सामान्यतः पाच आठवडे चालतो. त्या काळात अतिसार, लघवीची जळजळ व थकवा जाणवतो. औषधे, कमी चोथ्याचा आहार, पुरेसे पाणी व विश्रांती यांनी त्रास आटोक्यात ठेवता येतो. अंडकोशांचे कार्य थांबून अकाली ऋतुनिवृत्ती येऊ शकते. योनिमार्ग कोरडा व अरुंद होतो. त्यावर वंगण वापरतात आणि दाह ओसरल्यावर विस्फारक (गुळगुळीत दांडी) वापरण्याचा सल्ला दिला जातो. शौचातून वा लघवीतून रक्त जाणे हा विकार काही महिन्यांनी वा वर्षांनीही उद्भवतो. असा त्रास अटळ मानून अंगावर काढणे अहितकारक ठरते.

लाजेमुळे या तक्रारी बहुधा अनुच्चारित राहत. ग्रीवेच्या कर्करोगावर उपचार झालेल्या स्त्रियांची स्वीडनमधील प्रश्नावली-पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. योनिमार्गातील बदल व लैंगिक जीवनातील व्यथा तीत त्या स्त्रियांच्याच उत्तरांवरून मांडल्या गेल्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने, शस्त्रक्रियेनंतर प्रारण घेणाऱ्या ३०० स्त्रियांवर झालेल्या परीक्षणाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिमांच्या आधारे व किरणांची तीव्रता जागोजागी बदलून उपचार दिल्यास तीन वर्षांत आतड्याचे मध्यम वा त्याहून गंभीर उशिराचे विकार सु. २१ टक्के स्त्रियांत, तर आधीच्या त्रिमितीय पद्धतीत सु. ४२ टक्के स्त्रियांत आढळले. कर्करोगाच्या नियंत्रणात मात्र दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. सोसावे लागणारे दुःख हे रोगमुक्तीचे अपरिहार्य मोल आहे, ही जुनी समजूत त्यामुळे निराधार ठरली.