न वितळणारी राळ

अंतराळयानाच्या उष्णताकवचात आणि कुकरच्या काळ्या दांड्यात एकाच कुळातली राळ असते: फिनॉलिक. वर्सोव्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात तिचा स्वभाव पाहायला मिळतो. गॅसची ज्योत चुकून दांड्याला लागली की उग्र वास सुटतो, कड तडकते, कोळपते. पण प्लास्टिकच्या पिशवीसारखी ती वितळून टपकत नाही.

या राळेचे मूळ लाखेच्या टंचाईत आहे. विजेचा वापर वाढला तशी तारांच्या आणि यंत्रांच्या विद्युतरोधनासाठी लाखेला मागणी आली. ती लाख मुख्यतः भारतातून जाई. आपल्याकडे गोंदिया-भंडारा भागात पळसावर ती पिकवली जाई. पण लाखेचा किडा देईल तेवढीच लाख मिळणार. तिला पर्याय शोधताना बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलंड यांनी अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड दाबाखाली तापवले आणि १९०७ मध्ये बेकेलाइट हाती आले. लाख ऊब लागताच मऊ पडते; बेकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. जुन्या मुंबईच्या घरांतली विजेची काळी बटणे त्याचीच.

उष्णताकवचाचा प्रश्न १९५० च्या दशकात वातावरणात परतणाऱ्या क्षेपणास्त्रांमुळे उभा राहिला. बोथट तोंडाचे यान पुढची हवा दाबते आणि बरीचशी उष्णता त्या हवेतच राहते, हे संशोधक ज्यूलियन ॲलन यांनी दाखवले. तरी उरलेली उष्णता थोडी नसते. अमेरिकेच्या मर्क्युरी यानांच्या सुरुवातीच्या छोट्या उड्डाणांत ती बेरिलियम धातूत साठवली गेली. पृथ्वीप्रदक्षिणेसाठी मात्र काचतंतू आणि फिनॉलिकचे कवच निवडले गेले. १९६२ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन त्याच्याच आडोशाने परतले. तापलेली राळ विघटित होताना उष्णता शोषते, तिचे वायू तप्त हवेला पृष्ठभागापासून दूर सारतात आणि उरलेला कोळसा स्वतः लालबुंद होऊन उष्णता बाहेर फेकतो. गुरूच्या वातावरणात १९९५ मध्ये शिरलेल्या गॅलिलिओ यानाच्या कुपीचे कवच १५२ किलोचे होते. त्यातले सुमारे ८० किलो जळून गेले. तेवढे जळण्यासाठीच ते बनवलेले होते.

निवडीचा खरा पेच वजनाचा आहे. कार्बनतंतूंचे दाट फिनॉलिक पाण्यापेक्षा जड असते, पण प्रचंड मारा सोसते. सच्छिद्र कार्बनमध्ये राळ मुरवलेले 'पिका' पाण्याच्या पाव भागाइतकेच भरते; सेकंदाला १२.९ कि.मी. वेगाने २००६ मध्ये परतलेल्या स्टारडस्ट यानाच्या कुपीसाठी तेच वापरले होते. पुन्हापुन्हा उडणाऱ्या स्पेस शटलला मुख्यतः सिलिकाच्या फरशा लागल्या; त्या हलक्या, पण नाजूक.

इस्रोने दोन्ही वाटा चोखाळल्या. जानेवारी २००७ मध्ये परतलेल्या 'एसआरई' कुपीच्या नाकावर कार्बन-फिनॉलिक आणि इतरत्र सिलिकाच्या फरशा होत्या. १८ डिसेंबर २०१४ रोजी १२६ कि.मी. उंचीवरून सोडलेली 'केअर' कुपी सुमारे पावणेचार टनांची होती. तिला जळत झिजणारे कवच होते. उड्डाणानंतर सुमारे वीस मिनिटांत ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तटरक्षक दलाने ती सुखरूप बाहेर काढली.