आदेशांचे राज्य : फिलिपाइन्स, १९४१ ते १९५३

दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात फिलिपाइन्सचे नाव निघाले की वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो लेते बेटाच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून चालत येणारा जनरल मॅकआर्थर. २० ऑक्टोबर १९४४ रोजी घेतलेल्या त्या छायाचित्रात त्याच्याच बरोबरीने पाणी तुडवीत येणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते सेर्खियो ओस्मेन्या, त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष. मॅकआर्थरच्या मागे आरमार होते, सैन्य होते, शिधासामग्रीने भरलेल्या नौका होत्या. ओस्मेन्यांच्या मागे ना कचेरी होती, ना तिजोरी, ना कायदेमंडळ. होता तो एक कायदा, आणि त्या कायद्याच्या बळावर आदेश काढण्याचा अधिकार. त्या अधिकाराने मोडलेले राज्य उभे कसे राहिले, आणि राज्य उभे राहिल्यावर तो अधिकार परत घेताना काय यातायात पडली, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे. ज्यांचा दिवस परिपत्रके आणि अधिसूचना यांच्या सहवासात जातो, अशा आमच्या वाचकांस हा विषय रुक्ष वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

तो कायदा १६ डिसेंबर १९४१ चा. अमेरिकेच्या छत्राखाली फिलिपाइन्सला १९३५ पासून अंतर्गत स्वायत्तता मिळालेली होती आणि स्वतःचे संविधानही होते. युद्ध किंवा अन्य राष्ट्रीय आपत्तीच्या प्रसंगी कायदेमंडळाने राष्ट्राध्यक्षास मर्यादित मुदतीपुरते नियम करण्याचे अधिकार द्यावेत, अशी तरतूद त्या संविधानात होती. जपानने ८ डिसेंबरला हल्ला केला आणि आठच दिवसांत अधिनियम क्रमांक ६७१ संमत झाला. त्याने राष्ट्राध्यक्षांच्या हाती काय दिले नाही? राजधानी हलविणे, खात्यांची फेररचना करणे, नवे कर बसविणे, कर्ज उभारणे, संपुष्टात येणारे कायदे व खर्चाच्या मंजुऱ्या पुढे चालू ठेवणे, कर्जाची फेड तहकूब करणे, हे सारे त्यात होते. नव्हती ती एकच गोष्ट : शेवटची तारीख. कायदेमंडळ पुन्हा भरल्यावर राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या नियमांचा अहवाल त्यापुढे ठेवावा, एवढे म्हटले होते. संविधान म्हणते ‘मर्यादित मुदतीपुरते’, आणि कायदा मुदतीविषयी मौन पाळतो. बाँबवर्षावाखाली बसलेल्या सभासदांना त्याबद्दल दोष देण्याचे आमच्या मनात नाही. परंतु पुढील बारा वर्षांचा सारा कलह त्या मौनातून निघाला, हे मात्र खरे.

२ जानेवारी १९४२ रोजी जपानी फौजा मनिलात शिरल्या. राष्ट्राध्यक्ष मान्वेल केसोन प्रथम कोरेगिदोरच्या किल्ल्यात आणि तेथून अमेरिकेस गेले. परदेशातच, १ ऑगस्ट १९४४ रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला आणि उपाध्यक्ष ओस्मेन्या राष्ट्राध्यक्ष झाले. २३ ऑक्टोबरला लेते बेटावरील ताक्लोबान येथे फिलिपाइन्सच्या शासनाची पुनःस्थापना समारंभपूर्वक जाहीर करण्यात आली आणि तेच गाव काही महिने राजधानी ठरले. त्याच दिवशी मॅकआर्थरने एक घोषणा काढली : शत्रूच्या अमलातील अन्य कोणत्याही शासनाचे कायदे, नियम व कार्यवाही मुक्त झालेल्या प्रदेशात रद्दबातल समजावी.

लष्करी भाषेत हे वाक्य फार सोपे आहे. दिवाणी कारभारात त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार करावा. जवळजवळ तीन वर्षे न्यायालये चालू होती, निवाडे होत होते, जमिनी विकल्या जात होत्या, कर भरले जात होते. ते सारे झालेच नाही असे मानावयाचे काय? सप्टेंबर १९४५ मध्ये फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. व्याप्त काळातील न्यायालयांचे सामान्य, राजकारणाशी संबंध नसलेले निवाडे या घोषणेने रद्द झाले नाहीत, असे त्या न्यायालयाने ठरविले. मॅकआर्थरच्या शब्दांचा असा सौम्य अर्थ लावला नसता, तर मुक्त झालेल्या देशात कागदोपत्री अराजक माजले असते.

ओस्मेन्यांचा पहिला मोठा आदेश पैशासंबंधी होता. १८ नोव्हेंबर १९४४ रोजी ताक्लोबानहून निघालेल्या आदेश क्रमांक २५ ने कर्जाची फेड तहकूब केली. पुढे १० मार्च १९४५ च्या आदेश क्रमांक ३२ ने, मुक्ततेनंतर केलेले नवे व्यवहार वगळून, ती तहकुबी चालू ठेवली. यात शहाणपण होते. जपान्यांनी छापलेल्या नोटा इतक्या झाल्या होत्या की लोक त्यांना थट्टेने ‘मिकी माऊसचा पैसा’ म्हणत. मुक्ततेबरोबर त्या नोटांस कागदाची किंमत आली आणि खरा पेसो, दोनास एक डॉलर या भावाने, पुन्हा चालू झाला. घर जळालेल्या, शेत ओसाड पडलेल्या माणसावर अशा वेळी सावकाराने फिर्याद लावली असती, तर ती वसुली न ठरता लूट ठरली असती. परंतु सावकार म्हणजे दर वेळी गोष्टीतला सावकारच असतो असे नाही. आयुष्याची मिळकत एखाद्या गहाणखतात घालून बसलेली विधवाही कायद्याच्या दृष्टीने सावकारच. तहकुबीने दोघांनाही एकाच दारात उभे केले.

त्याहून कठोर होता ६ जून १९४५ चा आदेश क्रमांक ४९. बँका पुन्हा उघडावयाच्या तर त्यांच्या वह्या कोठेतरी बंद करणे भाग होते. व्याप्त काळात जपानी नोटांत झालेल्या ठेवी निरर्थक समजाव्यात, असे या आदेशाने ठरविले. कित्येकांची खाती लेखणीच्या एका फटकाऱ्याने पुसली गेली. एका ठेवीदाराने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९४९ मध्ये न्यायालयाने आदेश वैध ठरविला. आमच्या मते तो निर्णय बरोबर होता, कारण निकामी नोटांची देणी खऱ्या पेसोत मान्य केली असती तर एकही बँक उघडली नसती. मात्र बरोबर निर्णयाचीही किंमत कोणीतरी मोजतो, आणि येथे ती कोणी मोजली हे विसरता येत नाही.

दरम्यान मनिला मुक्त झाली होती. पण मुक्त झाली ती कोणत्या अवस्थेत! फेब्रुवारी १९४५ मधील महिनाभराच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले असे मानतात. इंत्रामुरोस ही जुनी तटबंदी नगरी ढिगाऱ्यात गेली. सरकारी इमारतींपैकी फारच थोड्या धड उरल्या. २७ फेब्रुवारीला, शहरात लढाई अजून धुमसत असतानाच, मालाकान्यांग प्रासादात मॅकआर्थरने मुलकी सत्ता ओस्मेन्यांच्या स्वाधीन केली. त्यानंतर आदेशांचा ओघ वाढला. मार्चमध्ये एका आदेशाने अपील न्यायालय सबंधच मोडीत काढले. ते पुन्हा स्थापन झाले ते ऑक्टोबर १९४६ मध्ये, आणि ते कायद्याने.

आमच्या वाचकांस ज्याचे विशेष वाटेल असा प्रश्न नोकरवर्गाचा होता. जपानी अमलात ज्यांनी कचेऱ्या चालविल्या त्यांचे काय करावयाचे? सगळ्याच अधिकाऱ्यांना डोंगरात निघून जाणे शक्य नव्हते, लोकांना वाचविण्यासाठी कोणीतरी मागे राहणे भागच होते, अशी समंजस भूमिका ओस्मेन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्येच मांडली होती. त्यांचे स्वतःचे मुलगेही या वादळातून सुटले नव्हते. पण ती कथा निराळी आहे. तिला येथे जागा नाही.

नोव्हेंबर १९४१ मध्ये निवडून आलेले द्विगृही कायदेमंडळ, ज्यास तेथे काँग्रेस म्हणतात, प्रथम भरले ते ९ जून १९४५ रोजी. तेही स्वतःची इमारत पडल्यामुळे एका जुन्या जपानी शाळेच्या वास्तूत. सभासद शाळेच्या खोल्यांत बसले आणि राज्याला पुन्हा दोन पाय आले. येथून पुढे आदेशांची गरज ओसरावयास हवी होती. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ओस्मेन्यांचा पराभव होऊन मान्वेल रोहास निवडून आले. ४ जुलै १९४६ रोजी देश स्वतंत्र झाला. अमेरिकेने पुनर्वसनासाठी बासष्ट कोटी डॉलरची तरतूद केली. तीतही अट होती : पाचशे डॉलरहून मोठ्या नुकसानभरपाईचे पैसे, व्यापारी करार झाल्यावाचून, हाती पडावयाचे नव्हते. त्या कराराने अमेरिकी नागरिकांस नैसर्गिक संपत्तीत फिलिपिनोंच्या बरोबरीचा वाटा मिळाला. उपकाराचा हा प्रकार हिंदुस्थानात राहून गेलेल्या साहेबालाही शिकण्यासारखा होता.

रोहासांनी एक काम मात्र नेटके केले. प्रशासनाच्या फेररचनेसाठी त्यांनी १९४१ च्या जुन्या कायद्याचा आधार घेतला नाही. कायदेमंडळाने ४ ऑक्टोबर १९४६ च्या नव्या कायद्याने त्यांना त्यासाठी एक वर्ष दिले, आणि साऱ्या खात्यांची घडी नव्याने बसविणारा आदेश क्रमांक ९४ निघाला तो ४ ऑक्टोबर १९४७ रोजी, म्हणजे मुदतीच्या टोकाला. सरकारी कामाची चाल जगभर सारखीच असते, हे पाहून वाचकांस हसू येईल. पण तारीख होती म्हणूनच ते काम त्या दिवशी तरी झाले.

घरभाड्याच्या बाबतीत तेच रोहास जुन्या वाटेने गेले. २१ जून १९४७ च्या आदेश क्रमांक ६२ ने भाड्यांवर नियंत्रण आणले, ते आणीबाणीच्या अधिकारात. ढिगाऱ्यात गेलेल्या शहरात असे नियंत्रण हवेच होते, यात शंका नाही. त्याच वर्षी मुंबई प्रांतातही भाडेनियंत्रणाचा कायदा झाला होता, तोही तात्पुरताच. तो मुदतवाढी घेत घेत पन्नास वर्षांवर टिकला, आणि भाड्याविषयीच्या त्यातील तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत असे आपल्या सर्वोच्च न्यायालयास १९९७ मध्ये म्हणावे लागले. मुंबईतील पागडीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगणे नको. फरक एवढाच की मुंबईची मुदतवाढ विधिमंडळ देत होते. मनिलात ती कोणी देत नव्हते आणि कोणी मागतही नव्हते.

१५ एप्रिल १९४८ रोजी रोहास अकस्मात निवर्तले आणि एल्पीदिओ किरीनो राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी जुन्या कायद्याची मजल कोठवर जाते ते दाखविले. डिसेंबर १९४८ मध्ये निर्यातीवर नियंत्रण आणणारा आदेश क्रमांक १९२ निघाला. १९४९ मध्ये कायदेमंडळ अंदाजपत्रक संमत न करताच उठले. तेव्हा आदेश क्रमांक २२५ ने राष्ट्राध्यक्षांनी आपणच साऱ्या वर्षाचा सरकारी खर्च मंजूर केला आणि क्रमांक २२६ ने निवडणुकीसाठी साठ लक्ष पेसो काढले. ज्या निवडणुकीत ते स्वतः उमेदवार होते, तिचा खर्च त्यांच्याच सहीने! आधार काय, तर बाँब पडत असताना झालेला १९४१ चा कायदा.

या आदेशांविरुद्ध पाच अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आले. एका अर्जदारावर भाड्याचा आदेश मोडल्याचा खटला होता. दुसऱ्यास जोडे परदेशी पाठविण्याचा परवाना मिळत नव्हता. इतरांची तक्रार करदाते या नात्याने होती. २६ ऑगस्ट १९४९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने चारही आदेश अधिकारबाह्य ठरविले. संविधानाने मर्यादित मुदत सांगितली असता कायद्यात ती नाही, म्हणून ती त्यात गृहीत धरली पाहिजे. आणि २५ मे १९४६ रोजी कायदेमंडळाचे नियमित अधिवेशन भरले तेव्हाच ती संपली, असा त्याचा आशय होता. आधीचे १९४५ चे अधिवेशन विशेष होते व विशेष अधिवेशनाचे विषय राष्ट्राध्यक्ष ठरवितात, म्हणून तो दिवस धरला नाही.

कायदा रद्द होईपर्यंत तो चालूच राहणार, या सरकारी युक्तिवादाला न्यायमूर्तींनी दिलेले उत्तर आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते. कायदेमंडळ साध्या बहुमताने अधिकार देते. ते परत घेण्यास नवा कायदा लागला, तर त्यावर राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार चालणार, आणि तो मोडावयास दोनतृतीयांश मते लागणार. म्हणजे द्यावयास निम्मे पुरेत आणि घ्यावयास दोनतृतीयांश हवेत! असा व्यवहार उसनवारीतही कोणी करीत नाही.

आपल्याकडे हा रोग निराळ्या नावाने दिसला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळून दाखविले की १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ वटहुकूम पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षेपर्यंत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा संविधानाशी केलेली प्रतारणा ठरविली.

मनिलात १९४९ चा निकाल पुरेसा झाला नाही. कायदेमंडळाने आणीबाणीचे अधिकार काढून घेणारे विधेयक संमत केले. किरीनोंनी त्यावर नकाराधिकार वापरला. न्यायमूर्तींनी शक्यता म्हणून मांडलेली गोष्ट अक्षरशः घडली. मग १० नोव्हेंबर १९५२ रोजी आदेश क्रमांक ५४५ व ५४६ निघाले : एकाने सार्वजनिक बांधकामांसाठी ३,७८,५०,५०० पेसो, तर दुसऱ्याने वादळग्रस्त प्रांतांसाठी १,१३,६७,६०० पेसो मंजूर केले. वादळे खरी होती आणि हालही खरे होते. तरीही २ फेब्रुवारी १९५३ रोजी न्यायालयाने दोन्ही आदेश अवैध ठरविले. कायदेमंडळाने अधिकार काढून घेण्याची इच्छा दाखविली एवढे पुरे, नकाराधिकाराने ती इच्छा पुसली जात नाही, असे त्याने सांगितले.

राहिली होती ती ताक्लोबानची तहकुबी. १९४८ च्या एका कायद्याने ती सर्वसाधारणपणे उठविली. परंतु युद्धात नुकसान सोसून भरपाईचा दावा केलेल्या ऋणकोंना, दाव्याचा निकाल लागल्यापासून आणखी आठ वर्षांची सवलत दिली. ऑगस्ट १९४१ मध्ये मनिलातील एका गृहस्थाने जमिनीचे दोन तुकडे ९,६०० पेसोस विकले होते. निम्मी रक्कम हाती आली. उरलेली १९४२ व १९४३ मध्ये दोन हप्त्यांनी यावयाची होती. हप्ते आले नाहीत. १९४९ मध्ये त्याने दावा लावला, आणि खालच्या न्यायालयाने तहकुबी दाखवून तो काढून टाकला. १८ मे १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला : १९४४ पासूनची चार वर्षे आणि पुढली आठ, म्हणजे धनकोने निदान बारा वर्षे थांबावयाचे. जन्मास आली तेव्हा वाजवी असलेली तहकुबी आता जुलमी झाली आहे आणि ती एक मिनिटही लांबवू नये, असे न्यायालयाने म्हटले. उरलेले ४,८०० पेसो ऑगस्ट १९४२ पासून द.सा.द.शे. ७ व्याजाने द्यावेत, न दिल्यास गहाण जमीन लिलावात विकावी, असा हुकूम झाला.