साठाच्या जागी एकोणसाठ

आजची गोष्ट स्वीडनची, आणि हिरोइन आहे गाय.

साल १९६४. इंगेमार गुस्ताव्सन नावाचा संशोधक आणि त्याचा सहकारी रॉकबॉर्न, दोघं ल्युकेमिया झालेल्या गायींच्या पेशी तपासत होते. चारच वर्षांपूर्वी अमेरिकेत माणसाच्या एका ब्लड कॅन्सरमध्ये बिघडलेलं क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्र, सापडलं होतं. त्यामुळे गायींमध्येही तसं काही दिसतंय का, हे बघणं साहजिकच होतं. गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात. या गायींमध्ये मोजली तर ५९!

गंमत म्हणजे हरवलं जवळपास काहीच नव्हतं. सगळ्यात मोठं १ नंबरचं गुणसूत्र आणि अगदी छोट्यांपैकी एक असलेलं २९ नंबरचं एकमेकांना चिकटून एकच झालं होतं. याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात. रॉबर्टसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये नाकतोड्यांच्या अभ्यासात असे जोड वर्णन केले होते, म्हणून हे नाव. गायीत हे पकडणं त्यातल्या त्यात सोपं. लिंग ठरवणारी दोन सोडली तर तिची सगळी गुणसूत्रं एकाच बाजूला लांबलेली असतात, त्यात दोन्हीकडे हात पसरलेलं एखादं असलं की लगेच डोळ्यात भरतं. (कुत्र्याची ७८ असतात, बहुतेक बारीक आणि सारखीच दिसणारी. ती ओळखत बसणं म्हणजे डोकेदुखी.)

मग कॅन्सर यामुळेच? नाही. हाच जोड ठणठणीत गायींमध्येही निघाला, आणि १९६९ मध्ये गायींच्या ल्युकेमियाचा व्हायरस वेगळाच सापडला. आमच्या धंद्यात अशा वेळी 'नॉट अ बग' लिहून तिकीट बंद करतात. गुस्ताव्सन मात्र मोजत राहिला. स्वीडनच्या लाल-पांढऱ्या जातीत साधारण सातातल्या एका जनावरात हा जोड होता.

एवढा पसरला कसा? जोड असलेला वळू दिसायला उत्तम, मुलींना दूधही चांगलं. गावात फिरणारा वळू वर्षाला किती गायी भरवणार? पण कृत्रिम रेतन आलं आणि एकाच वळूची हजारो वासरं जन्माला येऊ लागली. साधारण निम्म्या वासरांना जोड वारशाने मिळतो.

त्रास होतो तो पुढच्या पिढीला. बीजपेशी बनताना चिकटलेल्या जोडीची वाटणी कधीकधी चुकते. मग गर्भात १ किंवा २९ नंबरचं एक गुणसूत्र जास्त येतं किंवा कमी पडतं, आणि तो गर्भ सुरुवातीलाच मरतो. शेतकऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त कळतं की गाय उलटली, पुन्हा माजावर आली. दोष जातो चाऱ्याला, नाहीतर रेतन करणाऱ्या माणसाला.

१९६९ मध्ये गुस्ताव्सनने रेतनाच्या नोंदींवरून दाखवलं की जोड असलेल्या वळूंच्या मुली शेकडा पाच-सहाने कमी गाभण राहतात. आणि हा आकडा सगळ्या मुलींचा आहे हं! निम्म्या मुलींमध्ये जोड नसतोच, म्हणजे ज्यांच्यात आहे त्यांचं नुकसान त्याहून जास्त.

आता निर्णय घ्यायचा होता. वळू आजारी नाही, त्याच्या मुली दूध देतात, मग शेकडा पाचासाठी त्याला बाद करायचं? स्वीडनने केलं. जोड असलेल्या वळूंचं वीर्य वापरणं बंद झालं. मला हे पटतं. तपासणीला थोडंसं रक्त लागतं, आणि प्रत्येक उलटलेली गाय म्हणजे शेतकऱ्याचे किमान तीन आठवडे फुकट.

पुढे इतर देशांनी शोधलं तर हाच जोड डझनावारी जातींमध्ये निघाला. ब्रिटिश व्हाइट या जुन्या इंग्लिश जातीत तर तो स्वीडनपेक्षाही जास्त होता. आज आपल्याकडेही वीर्य केंद्रात वळू घेताना त्याची गुणसूत्रं तपासायचा नियम आहे. तुमच्या गावात डॉक्टर बाइकवरून जो नायट्रोजनचा कॅन घेऊन येतात, त्यातल्या कांडीमागे ही मोजणी असते.