कीटकांची पर्यायी शास्त्रीय नावे

एकाच कीटकजातीस निरनिराळ्या अभ्यासकांनी दिलेल्या शास्त्रीय नावांना पर्यायनामे म्हणतात. त्यांतील ग्राह्य नाव आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहितेनुसार ठरते. १७५८ नंतर सर्वांत आधी नियमानुसार प्रसिद्ध झालेले नाव सामान्यतः स्वीकारले जाते.

विदर्भातील कपाशीवर आढळणारी पांढरी माशी हे याचे ठळक उदाहरण होय. ग्रीसमध्ये तंबाखूवर सापडलेल्या या कीटकाचे वर्णन गेनाडियस यांनी १८८९ मध्ये केले व तंबाखूवरूनच त्यास ‘टॅबाकी’ हे जातिनाम दिले. १९२९ मध्ये मिश्रा व लांबा यांनी भारतातील कपाशीवरील माशीला ‘बेमिसिया गॉसिपिपर्डा’, म्हणजे कापसाचा नाश करणारी, असे नाव दिले. पुढे दोन्ही माश्या एकच ठरल्या. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाला दुसरे नाव अधिक समर्पक वाटेल. परंतु अग्रक्रम ठरविताना अर्थाचा विचार होत नाही. त्यामुळे ‘बेमिसिया टॅबाकी’ हेच नाव रूढ आहे.

पांढऱ्या माशीची जात मुख्यतः पानाला चिकटलेल्या कोषावरून ओळखत असत. लवदार व गुळगुळीत पानांवर या कोषाचे रूप मात्र वेगवेगळे होते. साहजिकच एकाच माशीच्या संततीला दोन जाती समजले गेले. अशी अनेक नावे लुईस रसेल यांनी १९५७ मध्ये ‘टॅबाकी’त समाविष्ट केली.

रद्द झालेली नावेही सूचींत जपली जातात, कारण कपाशीवरील माशीविषयीच्या जुन्या भारतीय नोंदी ‘गॉसिपिपर्डा’ या नावाखालीच शोधाव्या लागतात. अलीकडील जनुकीय अभ्यासांनुसार ‘टॅबाकी’ हा दिसायला सारख्या अशा अनेक जातींचा समूह आहे; त्यामुळे काही जुनी नावे पुन्हा वापरात येऊ शकतात.