मुदतपूर्व अर्भकांची शुश्रूषा आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्थलांतर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास मुदतपूर्व अर्भक म्हटले जाते. त्याची फुप्फुसे अपक्व असतात, त्वचेखाली पुरेसा मेद नसल्याने शरीर चटकन थंड पडते आणि साधारण ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकास स्तनपान नीट साधत नाही. श्वास, ऊब, दूध व जंतुसंसर्गापासून संरक्षण यांभोवतीच त्याच्या शुश्रूषेचा इतिहास फिरतो.

हा इतिहास केवळ यंत्रांचा नाही. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा बाळ आईच्या छातीशी बांधण्याची पद्धत पुढे आली. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी उभारली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी घरीच नवजात बालकांची सेवा केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने हीच पद्धत देशभर स्वीकारली गेली.

मात्र या गृहभेटींत एक गृहीतक दडलेले आहे : घर जागेवर असते.

बीड जिल्ह्यात १९७४ पासून अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे उपचाराची सोय अगदीच नव्हती असे नाही. परंतु दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. अख्खा हिवाळा फडालगतच्या कोपीत जातो. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशा ज्या उंबरठ्यावर यायची, तेथे कुलूप असते.

येथे 'कोयता' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. हत्याराचे हे नाव मजूर जोडप्याचे झाले. पती-पत्नी मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या दोघांच्या श्रमांवर फेडायची. छातीशी धरून बाळ वाचवण्याच्या उपचारास खर्च जवळजवळ नाही, असे नेहमी सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास हा हिशेब अपुरा वाटतो. त्या उपचारास आईचे दिवसाचे कित्येक तास, आठवडे लागतात. फडावरील आईचे ते तास हंगाम सुरू होण्यापूर्वीच उचलीत गहाण पडलेले असतात.