बंदी सोऱ्यावर की परवान्यावर?

बंदुका आवरायच्या तर बंदुकीच्या दारूचा कच्चा मालच रोखा, हा उपाय नवा नाही. लॉर्ड लिटनच्या काळातल्या 1878 च्या शस्त्र कायद्यात शिसे, गंधक आणि सोऱ्यावरही बंधन घालण्याची सोय होती. पण सोरा गोठ्याजवळच्या, जुन्या भिंतींच्या खारट मातीतूनही निघतो. कोळसा तर चुलीत. पहारा कुठे कुठे बसवणार?

आता ती काळी दारूही मागे पडली. आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत 1964 पासून काडतुसे बनतात. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची, आणि ते कापसापासूनही बनते. खानदेशात कापसाला परवाना लावणार का?

1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी विचारले, दबलेल्यांनी बंड का केले नाही? चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्रच धरू दिले नाही, हे त्यांचे उत्तर. त्यासाठी कोणाला सोरा लपवावा लागला नाही. शस्त्र कोणी धरायचे, एवढे ठरवले की पुरले.

म्हणून खरे नियंत्रण परवान्यात आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांतला नियम 3 वाचा. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्यांचे शस्त्रपरवाने तपासून गरजेनुसार रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि आवश्यक वाटल्यास आपल्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो सांगतो. (हे शेवटचे कलम अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते.)

जळगाव-धुळ्याच्या तरुणांनी माहिती अधिकारात विचारावे: या नियमाखाली आपल्या तालुक्यात किती परवाने तपासले, किती रद्द केले, आपल्यांना किती दिले?