फडताळातला इतिहास

मराठी इतिहासकारांनी गड पाहिले, ताम्रपट वाचले, दप्तरांचे रुमाल सोडले. स्वयंपाकघरातले फडताळ मात्र क्वचितच कोणी उघडले. अवेळी दारात उभा राहिलेला पाहुणा, महिनाअखेरीची ओढगस्त, मुसळधार पावसात बंद पडलेला बाजार, अशा प्रसंगी घरातल्या चार डब्यांतून जे जेवण निघते, त्यालाही इतिहास आहे. तो पंगतीच्या इतिहासाहून लहान नाही. फक्त लिहिलेला नाही. परप्रांतात संसार मांडलेल्या आपणा मंडळींचा तर या डब्यांशी रोजचाच संबंध, म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा विषय घेतला आहे.

तो न लिहिला जाण्याचे कारण उघड आहे. लेखणी राजाश्रयाने चालत असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त इडरिकेपासून अनेक पदार्थ सापडतात, पण ते राजाच्या ताटातले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याला आश्रय मिळाला तो तंजावरास, एकोजीराजे भोसले यांची राणी दीपाबाई हिच्याकडून. स्वदेशापासून इतक्या दूर गेलेल्या एका राणीला पाकशास्त्राविषयी आस्था वाटावी, हे आपल्याला सहज समजण्यासारखे आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाचा अभ्यास केला. जिलबीच्या इतिहासात त्याचा दाखला हटकून दिला जातो. पुढे छापखाना आला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली. परंतु पिठले कसे करावे हे शिकायला पुस्तक उघडणारी गृहिणी त्या काळी विरळाच असावी.

तथापि पुरावा अगदीच नाही असे नाही. ऋग्वेदात सातू चाळणीने चाळण्याची उपमा आली आहे. भाजलेल्या धान्याचे पीठ जवळ ठेवावे आणि लागेल तेव्हा पाण्यात, ताकात वा दुधात कालवावे, ही युक्ती तितकी जुनी आहे. पोह्यांची कुळकथाही तीच. संस्कृतात त्यांना पृथुक म्हणतात. भात भिजवायचा, तापलेल्या कढईत भाजायचा आणि गरम असतानाच कुटून चपटा करायचा. म्हणजे दाणा शिजण्याचे बहुतेक काम आधीच उरकलेले असते; पुढे नुसते पाणी शिंपडले तरी पुरते. सुदाम्याने द्वारकेला पोहेच नेले, यात भक्तीबरोबर व्यवहारही आहे. टिकाऊ, हलके, आणि वाटेत चूल न मागणारे दुसरे काय नेता आले असते?

मेतकुटात हे शास्त्र पूर्णत्वास गेले. हरभऱ्याची व उडदाची डाळ, तांदूळ, गहू, प्रत्येक वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला आच निराळी लागते. मग मेथ्या, जिरे, सुंठ, हळद, हिंग घालून बारीक दळायचे. मऊ भातावर तूप आणि मेतकूट पडले की आजाऱ्याचे, लेकराचे आणि उशिरा घरी आलेल्या धन्याचे जेवण झाले. पिठल्याला तेवढी चूल लागते, पण घटकाभरच. कोकणात कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवतात. देशावर हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. भाजी नाही, डाळ शिजायला वेळ नाही, अशा वेळी हे पीठ डाळ आणि भाजी दोहोंची जागा घेते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या जेवणाला आपण झटपट म्हणतो, पण ते झटपट होत नाही. त्याचा वेळ दुसरीकडे खर्च झालेला असतो. कुरडयांचेच पाहा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो बसू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे, चीक शिजवताना गुठळी होऊ न देता हात मोडेपर्यंत ढवळायचा, आणि गरम असतानाच सोऱ्यातून उन्हात घालायचा. मग दिवसभर कावळे हाकायला पोरांची नेमणूक. सांडगे, पापड, भरल्या मिरच्या, वर्षाचे तिखट, डाळींना एरंडेल चोळणे, धान्यात कडुलिंबाचा पाला घालणे, हे सारे पावसापूर्वी उरकायचे. गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज, आणि मडगावला त्या नावाने आगोटीच्या तोंडावर फेस्तही भरते. आषाढातल्या एका संध्याकाळी दहा मिनिटांत पान वाढले जाई, त्यामागे वैशाखातले असे कित्येक दिवस उभे असत. आणि ते दिवस बायकांचे होते. घरखर्चाच्या वहीत गव्हाचा भाव लिहिला जाई, तेलाचा लिहिला जाई. या श्रमांचा रकाना नसे. स्वस्त जेवण स्वस्त कशामुळे होते, याचे अर्धे उत्तर त्या न आखलेल्या रकान्यात आहे.

फडताळातले सारेच डबे मात्र पुरातन नव्हेत. मिरची पोर्तुगिजांच्या मागून आली; तत्पूर्वी तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा, आल्याचा. भुईमूग, बटाटा आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे तिघेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. म्हणजे एकादशीची साबुदाण्याची खिचडी मिरची, दाण्याचे कूट आणि बटाटा यांसह पाहिली, तर ज्ञानेश्वरांच्या काळच्या वारकऱ्याला तिच्यातले जिरे आणि तूप तेवढे ओळखू आले असते. गंमत अशी की हा साबुदाणा प्रामुख्याने तमिळनाडूत, सेलमच्या परिसरात तयार होतो, आणि त्याचा मोठा गिऱ्हाईक उपास करणारा मराठी माणूस आहे.

डबे रिकामे पडण्याचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि वर्षाची बेगमी करणाऱ्या घरांना आठवड्याच्या हिशेबाने जगावे लागले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. त्या पिढीतली माणसे मिलोच्या भाकरीचे नाव अजून तोंड वाकडे करून घेतात, परंतु घेतात हे विशेष. ज्या अन्नाने जीव जगला ते विसरता येत नाही, आवडत मात्र नाही.

त्या न लिहिलेल्या रकान्यात पहिला आकडा पडला तो मुंबईत. १९५९ साली गिरगावातील सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, ती गिरणी कामगारांच्या खानावळी घरोघर चालवणाऱ्या बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. पापड तोच, पोळी-भाजी तीच. पण आता तिला मजुरी होती. १९९५ नंतर राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, ती काही वर्षांत बंद पडली. गरिबाचे म्हणून गणलेले अन्नही तेवढ्या किमतीत शिजत नाही, हे घरातल्या कोणत्याही बाईने आधीच सांगितले असते. विचारले कोणी नसावे.

आपल्या परप्रांतीय संसारात वाळवणाला अंगण राहिले नाही. कोठे गच्ची नाही, कोठे ऊनच बेभरवशाचे, समुद्रकाठच्या शहरांत तर पापड वाळण्याऐवजी सादळतात. कोठीघराचे काम आता फ्रीजरने उचलले आहे. हिवाळ्यात मटार सोलून, किंचित उकडून त्यात ठेवायचे. नारळ एकदम चार खवायचे आणि छोट्या पुड्या करायच्या. मे महिन्यात आमरस आटवून भरायचा. सोलण्या-खवण्याचे श्रम तसेच आहेत, फक्त उन्हाची जागा बर्फाने घेतली. आणि त्या कामाला आता घरातले पुरुषही बसू लागले आहेत, निदान काही घरांत. कोठल्याही दुकानात बेसन मिळते, पोहे मिळतात, अलीकडे मेतकूटही पाकिटात येते. कुळथाचे पीठ मात्र बहुधा गावाहून येणाऱ्याच्या पिशवीतूनच येते, आणि ते आले की किडू नये म्हणून आधी फ्रीजरमध्ये जागा करावी लागते, मटार बाजूला सारून.